सुताची वही

आमच्या घरातल्या मुलांच्या जातीच्या दाखल्यावर ‘पिंजारी’ असं लिहिलेलं आहे. राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत पिंजारी, नदाफ, मन्सुरी अशी नावं आहेत. नावं वेगळी असली तरी धंदा एकच. नदाफ हा अरबी शब्द, अर्थ पिंजणारा. मन्सुरी म्हणवणारे आपला धागा बगदादच्या मन्सूर हल्लाजपर्यंत नेऊन जोडतात. इसवी सन ९२२ मध्ये सुळावर चढवलेल्या त्या सूफीच्या नावातल्या ‘हल्लाज’चा अर्थही पिंजणाराच. दाखला हातात आला की मुलं विचारतात, “दादी, आपण काय पिंजत होतो?” बाकीचे पिंजारी कापूस पिंजत, गाद्या-रजया भरत. आमचं घर मात्र लोकरीचं होतं.

आमचं गाव खर्डा, तालुका जामखेड. नगर जिल्ह्याच्या अगदी आग्नेय टोकाला, बालाघाटच्या माळाजवळ. एका बाजूला बीड, दुसऱ्या बाजूला धाराशिव. १९४८ पर्यंत शेजारचा मुलूख निजामाचा आणि १९४७ पर्यंत आमचं गाव इंग्रजांचं, त्यामुळे दोन्हीकडचा माल आमच्या बाजाराला यायचा. बाहेरच्या माणसाला खर्डा म्हटलं की ११ मार्च १७९५ ची लढाई आठवते. मराठ्यांनी निजाम अलीचा पराभव केला, तो निंबाळकरांनी बांधलेल्या आमच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि तह करून सुटला. शाळेत तो धडा आला की वर्गातली काही पोरं माना वळवून माझ्याकडे बघत, जणू निजाम माझा चुलता होता. त्या लढाईत दोन्ही फौजांमध्ये दोन्ही धर्मांची माणसं होती, हे मला पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर वाचून कळलं. मी ते माझ्या वर्गात आवर्जून सांगत असे.

पण खर्ड्याच्या आसपासच्या माळावर लढाईपेक्षा जास्त काळ टिकलेली गोष्ट म्हणजे मेंढरं. दख्खनी मेंढी. काळी, करडी, तपकिरी, काटक. तिची लोकर राठ. वर्षातून दोनदा कातरण होते आणि दोन्ही मिळून एका मेंढीची अर्धा किलोच्या आसपास लोकर निघते. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, ती तेवढी मऊ. दिवाळीनंतर धनगरांचे कळप चाऱ्या-पाण्याच्या मुलखात जात आणि मृगाच्या सुमारास माळावर परतत. पुष्कळ ठिकाणी धनगर स्वतःच कमानीवर लोकर पिंजतात. आमच्या बाजूला काही वाड्या-वस्त्यांची लोकर दादांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे यायची.

दादांची पिंजण मी लहानपणी पाहिलेली आहे. छताच्या वाशाला लवचीक बांबू बांधलेला, त्याला दोरीने टांगलेली लाकडी कमान आणि कमानीला ताणलेली तात. ही तात आतड्याची असते. मेंढीच्या आतड्याने मेंढीचीच लोकर पिंजायची, असा हा कारभार. उजव्या हातात लाकडी ठोकळा असे, दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये धरायला बारीक. आमच्या घरात त्याला मुठिया म्हणत. तो तातेवर आपटला की ‘टँव’ असा आवाज निघायचा आणि लोकरीचे गुंते उडून मोकळे व्हायचे. त्याआधी लोकर धुवायची, वाळवायची, हाताने कुसळं, गोखरू, लेंड्या वेचायच्या. दादा म्हणायचे, “रुई सुनती है, ऊन नै सुनती.” कापूस सांगितलेलं ऐकतो, लोकर हट्टी. संध्याकाळी दादांच्या भुवया, दाढी, पापण्या सगळ्यांवर करडी धूळ असे आणि रात्रभर खोकला. तो खोकला त्यांना घेऊनच गेला.

कुरआनात सूरह अल्-कारिआमध्ये कयामतच्या दिवशीच्या डोंगरांना पिंजलेल्या लोकरीची उपमा दिलेली आहे. दादांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मौलवीसाहेबांनी अर्थ सांगितल्यापासून ही सूरह त्यांना फार जवळची वाटे. आपल्या धंद्याची गोष्ट अल्लाहच्या किताबात आहे, याचं त्यांना अप्रूप होतं.

पिंजलेल्या लोकरीचे पेळू करायचे आणि पेळूचं सूत. इथे दादांचं काम संपायचं आणि बायकांचं सुरू व्हायचं. आमची दादी चरख्यावर बसे. तिच्या जोडीला मोहल्ल्यातल्या चार-पाच जणी आणि वस्त्यांवरच्या धनगर बायका. त्या पेळू घरी नेत आणि सुताच्या लडी करून आणत. स्वयंपाक, पाणी, पोरं सांभाळून दिवसभरात पाव किलो सूत निघालं तर खूप झालं. एका घोंगडीला अडीच किलोच्या आसपास सूत लागतं. म्हणजे पाच-सहा मेंढ्यांची वर्षाची लोकर आणि एका बाईचे दहा-बारा दिवस. १९७२ च्या दुष्काळात दादा आणि अब्बा रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जात होते, तेव्हा घरात साठलेल्या लोकरीचं सूत दादी कातत होती. त्या सुतावर घरात मिलोची भाकरी झाली, असं अम्मी सांगते.

हे सूत पुढे सनगरांच्या मागावर जाई. उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावायची, उन्हात ताणून कुंच्याने सारखी करायची आणि मग खड्ड्यातल्या मागावर विणायचं. तयार घोंगडी परत धनगराच्या खांद्यावर, शेतकऱ्याच्या डोक्यावर, बाळंतिणीच्या खाली. बिरोबाच्या आणि खंडोबाच्या पूजेत घोंगडीला मान. आमच्याकडे तर सूफी हा शब्दच ‘सूफ’ म्हणजे लोकर यावरून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि नातिया मुशायऱ्यात पैगंबरसाहेबांना ‘कमलीवाले’ म्हणून हाक मारली जाते. धनगराची मेंढी, पिंजाऱ्याची तात, बाईचा चरखा, सनगराचा माग. यातल्या एकाचंही दुसऱ्यावाचून चालत नव्हतं. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. सलोखा हा शब्द आम्ही तेव्हा ऐकलाही नव्हता.

१९७८ साली अब्बांनी एक जुनं पिंजणयंत्र विकत आणलं. तारांच्या दातांचे रोलर, पट्टा, विजेची मोटर. घरामागच्या जागेत पत्र्याची शेड उभी राहिली. दादा दिवसभरात जेवढी लोकर पिंजत तेवढी यंत्र अर्ध्या तासात बाहेर टाकी. गावाने शेडला नाव दिलं ‘लोकरीची गिरणी’. दळणाच्या गिरणीसारखीच इथे रांग लागायची. शेडवर पाटी लागली. वर दादांचं नाव आणि खाली ‘आणि मुलगे’. पुढे दोन्ही भाऊ हाताशी आले. तीन पिढ्यांचा धंदा, असं लोक कौतुकाने म्हणत आणि बोटांवर मोजत: दादा, अब्बा, भाई.

या मोजणीत एक गोष्ट राहून जायची. यंत्र फक्त पिंजत होतं. सूत अजूनही बायकाच कातत होत्या. यंत्राचा वेग वाढला तशा कातणाऱ्या वाढल्या. अम्मीच्या हाताखाली एके काळी चाळीसच्या वर बायका होत्या, निम्म्याहून अधिक धनगरांच्या. अम्मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. शेडच्या मागच्या दारात तराजू आणि मांडीवर लांबट लाल वही. पेळू किती दिले, सूत किती आलं, घट किती, मजुरी किती. दोन किलोला पाव किलो घट हा ठरलेला हिशोब. त्याहून जास्त घट आली तर अम्मी काही बोलत नसे, नुसती वहीत टिंब काढी. तीन टिंबं झाली की पेळू बंद. पुढच्या दारात अब्बा धनगरांशी भावाची घासाघीस करत, चहा पाजत. मागच्या दारातला कारभार पुरुषांपैकी कुणी फारसा बघितला नाही. मी बघितला, कारण शाळेतून आल्यावर बेरजा तपासायचं काम माझं होतं. माझं गणित त्या वहीत झालं.

बायका अम्मीला ‘भाभी’ म्हणत. आल्या की लगेच जात नसत. सुनेचं, सासूचं, दुखण्याखुपण्याचं बोलणं व्हायचं. रमजानच्या महिन्यात अम्मी रोजा असताना तिच्यासमोर पाणी प्यायला त्या संकोचत आणि अम्मी स्वतः तांब्या पुढे करी. चंपाषष्ठीला आमच्याकडे वांग्याचं भरीत आणि रोडगे यायचे, ईदला शीरखुर्मा वस्तीवर जायचा. पण याही गोष्टी सुताबरोबर येत-जात होत्या. नुसत्या डब्याच्या देवघेवीवर नातं किती दिवस चालतं, हे आम्ही पुढे पाहिलं.

१९९० नंतर रांग आखडत गेली. कारण एक नव्हतं. पानिपतहून जुन्या लोकरी कपड्यांच्या धाग्यांपासून बनवलेली स्वस्त ब्लँकेटं बाजारात आली आणि नंतर पॉलिएस्टरची गुबगुबीत, वाघाच्या चित्राची. सोलापुरी चादर होतीच. प्लास्टिकच्या कागदाने पावसातली घोंगडीची खोळ घालवली. कारखाने आले, ऊस आला, पडीक माळ कमी झाला, कळप लहान झाले. मेंढीचा पैसा मटणात आहे हे कळल्यावर धनगरांनी जास्त वजनाच्या माडग्याळसारख्या जातींचे नर कळपात सोडले. पिल्लं वजनदार झाली, पण लोकर उतरली. त्यांचं काय चुकलं? पोट कुणाला नाही? आज अशी वेळ आहे की कातरणाऱ्याची मजुरी लोकरीतून सुटत नाही. मेंढीच्या अंगाला हवा लागावी म्हणून कातरतात आणि लोकर बांधावर टाकून देतात. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली आमच्याच जामखेड तालुक्यात चौंडीला, धनगरांच्या घरात झाला. २०२४ साली त्यांच्या नावावरून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. त्याच तालुक्यात लोकर बांधावर पडलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

२००९ मध्ये एका व्यापाऱ्याने आमचं शेवटचं मोठं सूत उचललं आणि पैसे बुडवले. अब्बांनी यंत्राचा पट्टा उतरवून खुंटीला टांगला. सतरा बायकांची मजुरी द्यायची राहिली होती. “व्यापाऱ्याकडून येतील तेव्हा देऊ,” असं अब्बा म्हणत राहिले. पैसे आले नाहीत. बायकाही मागायला आल्या नाहीत. त्यांचं येणंच थांबलं. मोहल्ला आणि वस्ती यांच्यामध्ये एक ओढा आहे, तो काही रुंद झाला नव्हता. पण दहा वर्षांत असं झालं की आमच्या पुतण्यांना वस्तीवरच्या एकाही घराचं नाव माहीत नव्हतं आणि तिकडच्या पोरांना आमचं घर माहीत होतं ते फक्त मोबाईलवर येणाऱ्या गोष्टींपुरतं, ‘त्यांचा मोहल्ला’ म्हणून.

२०१९ मध्ये अब्बा गेले. २०२३ साली शेडच्या जागेला गिऱ्हाईक आलं. गावठाणातली जागा, रस्त्याला लागून. मोठ्या भाईचा मला बार्शीला फोन आला, “एक दिवस येऊन जा, सही करायची आहे.” सही म्हणजे हक्कसोड. आमच्याकडे मुली सही करतात. माझ्या दोन्ही फुफींनी केली होती. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून बहीण हिस्सा सोडते आणि लोक तिला ‘बडी दिलवाली’ म्हणतात. शरीअतने मुलीला हिस्सा दिला आहे हे आपण व्यासपीठावर अभिमानाने सांगतो आणि तलाठ्यासमोर तिच्याकडून सोडवून घेतो.

मी नाही म्हणाले. शांतपणे म्हणाले, पण नाही म्हणाले. मला पैशाची अडचण नव्हती, मला पेन्शन आहे. पण त्या शेडची किंमत ज्या धंद्यातून उभी राहिली, त्याचं सूत दादीने, अम्मीने आणि चाळीस बायकांनी कातलं होतं. पाटीवर ‘आणि मुलगे’ होतं ते होतं. कागदावरही तेच राहावं हे मला मान्य नव्हतं. भाभी म्हणाली, “भाई के घर का पानी कडवा कर लेंगे क्या?” भाई काहीच बोलला नाही. त्याचं न बोलणं मला जास्त लागलं.

मौलवीसाहेबांना बोलावलं. त्यांनी कागदावर हिशोब मांडला. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. पत्नीला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. एकूण चाळीस भाग केले तर अम्मीचे पाच, भावांचे चौदा-चौदा, माझे सात. सूरह अन्-निसामधला हा हिशोब मी शाळेत अपूर्णांक शिकवताना कितीदा मनात केला होता, पण स्वतःचं नाव घालून कधी केला नव्हता.

तेवढ्यात अम्मी उठली. ऐंशीच्या पुढची बाई, कंबरेत वाकलेली. आतून लाल वही घेऊन आली.

“ठैरो,” म्हणाली, “हिस्से बाद में. पहले लोगां का देना देव.”

मौलवीसाहेब खाली बघत म्हणाले, “बराबर है. आधी मय्यतचं कर्ज, मग वसीयत, मग वारसा. वारसा या दोन्हींनंतरच, हे आयतीतच आहे. मीच आधी विचारायला हवं होतं.”

अम्मीचा मेहर अब्बांनी हयातीतच दिलेला होता. बँकेचं कर्ज नव्हतं. राहिलं होतं ते सतरा बायकांचं. वहीत सगळं होतं, नाव, वजन, तारीख. किलोला तीस रुपये या २००९ च्या दराने रक्कम फार मोठी नव्हती. धाकट्या भावाने तिथल्या तिथे मोबाईलवर बेरीज केली आणि खिशात हात घातला. अम्मी म्हणाली, “तब के तीस रुपये में कित्ती जवारी आती थी, वो देख.” शरीअतप्रमाणे कर्ज ठरल्या आकड्याचंच द्यायचं असतं, हे तिला मौलवीसाहेबांनी समजावलं. “वो उनका हक,” ती म्हणाली, “ऊपर का मेरी खुशी से. मेरे पाँच हिस्सों में से काटो.” मग रक्कम तिप्पट धरायची ठरली.

जीपमध्ये पुढे अम्मी, मागे मी आणि मोठा भाई, असे आम्ही तीन दिवस वस्त्या फिरलो. भाई गाडी सांगेल तिथे थांबवत होता, माझ्याशी बोलत नव्हता. सतरापैकी अकरा जणी हयात भेटल्या. चौघींचे पैसे त्यांच्या सुनांच्या किंवा लेकींच्या हातात दिले. सुनांना हे कशाचे पैसे ते कळेना. एक नातू संशयाने विचारत होता, “कसलं हाय हे? कुठं अंगठा लावायचाय का?” अम्मी वही उघडून त्याला त्याच्या आजीचं नाव दाखवत होती. तो बराच वेळ त्या नावावर बोट ठेवून उभा राहिला. घरात आजीचं नाव लिहिलेला दुसरा कागद बहुधा नसावा.

एका वस्तीवर अम्मीच्याच वयाची एक म्हातारी ओट्यावर बसलेली होती. डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजावरून तिने ओळखलं, “भाभी का?” पैसे पुढे केले तर तिने हात मागे घेतला.

“माझं कसलं देनं? माझ्याकडंच तुमची दोन किलो लोकर हाय. यंत्र बंद पडायच्या आदल्या हप्त्यात नेल्याली. कातून ठिवलीया. तुमी मानूस धाडाल म्हनलं. कुनी आलंच न्हाई.”

सुनेने माळ्यावरून पोतं काढलं. कडुलिंबाचा पाला घातलेला, वाळून भुगा झालेला. आत लडी बांधलेल्या. चौदा वर्षं. थोड्या लडींना कसर लागली होती, पण बहुतेक चांगल्या होत्या. अम्मीने किराणा दुकानातून तराजू मागवला. सूत भरलं पावणेदोन किलो. दोन किलोला पाव किलो घट, अगदी हिशोबात. अम्मीने वहीत जमा लिहिलं, तारीख घातली आणि त्याची मजुरी धरून पैसे परत मोजले. मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे गुडघे आणि एकमेकींच्या सुना यांवर दुपारभर बोलत बसल्या. भाई लिंबाखाली बसून ऐकत होता. परतताना तो एवढंच म्हणाला, “अम्मी, तुला एवढ्या जणी कशा काय ठाऊक?” अम्मी म्हणाली, “तुम लोगां पुढच्या दरवाजे में बैठते थे.”

दोन बायकांचा पत्ता लागला नाही. एक ऊसतोडीला गेलेल्या मुलाबरोबर कुठेतरी, दुसरी पुण्याकडे. त्यांचे पैसे पाकिटात घालून वहीच्या खणात ठेवले आहेत. ते आमचे नाहीत.

जागा विकली गेली. माझे सात भाग मला मिळाले, चेकने. मोठा भाई त्या वर्षीच्या ईदला माझ्याकडे आला नाही. यंदा आला, शीरखुर्मा खाल्ला, जास्त काही बोलला नाही. माहेरचं दार उघडं आहे. जाताना पूर्वीसारखं धावत जाता येत नाही, एवढं मात्र खरं. ही किंमत असते. ती नाही असं सांगून मला कुणा मुलीला फसवायचं नाही.

अलीकडे शहरात पुन्हा घोंगडीचं कौतुक सुरू झालंय. मोबाईलवर घोंगड्या विकल्या जातात, जावळाच्या घोंगडीला चांगला भाव येतो, काही संस्था दख्खनी लोकरीसाठी मनापासून धडपडतात. हे चांगलं आहे. जाहिरातीत मेंढपाळाचा फोटो असतो, मागावरच्या विणकराचा असतो. कातणारी क्वचितच दिसते. आमच्या खर्ड्यात उद्या कुणी पुन्हा लोकरीची गिरणी काढली तर मला आनंदच होईल. त्याने यंत्र आणायच्या आधी एक लांबट वही आणावी आणि मागच्या दाराशी लिहिणारी एक बाई बसवावी. पाटी नंतर रंगवता येईल.